चित्राखालची रिकामी चौकट

"ही चौकट रिकामी का सोडलीस?"

पद्मजाताईंनी माझ्या खांद्यावरून वाकून पडद्यावर बोट टेकवलं.

"कुठली?"

"ही, चित्राखालची. 'या चित्रात काय आहे ते लिहा' म्हणतंय ना ते?"

"ते कशाला लिहायचं, ताई? चित्र दिसतंय की समोर."

"तुला दिसतंय. आमच्या दादाला?"

मी मागे वळून बघितलं. मागच्या खोलीच्या दारात त्यांचे मोठे भाऊ, श्रीधरकाका, स्टीलच्या पेल्यातला चहा फुंकत उभे होते. त्यांना लहानपणापासून दिसत नव्हतं. एका बँकेत एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, आणि निवृत्त झाल्यावर बहिणीकडे राहायला आले होते. बहिणीचा कॉम्प्युटर क्लास पुढच्या खोलीत, काका मागच्या. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारं काहीतरी बसवलेलं होतं. दुपारी क्लास रिकामा असला की मागून एक सपाट आवाज बातम्या वाचत असायचा. लग्नाची बातमी आणि अपघाताची बातमी, दोन्ही एकाच सुरात.

"मी ऐकली तुझी गोष्ट," काका म्हणाले. "पद्मानं सकाळी उघडून दिली. कॉम्प्युटर म्हणाला, चित्र. मग म्हणाला, चित्र. मग परत चित्र. आणि शेवटी काय म्हणाला असेल?"

"चित्र," पद्मजाताई म्हणाल्या.

"बाई गं, काय तो शेवट! असा शेवट मी आयुष्यात ऐकला नाही."

ताई खो खो हसल्या. मला मात्र कानकोंडं झालं.

"काका, पण सांगितली तर त्यातली गंमत जाईल."

"गंमत असेल तर कशाला जातेय? तू लिही, मी ऐकतो. हसू आलं तर माझं नशीब."

ही गोष्ट इचलकरंजीतली, सहा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. बी.एस्सी. झालेली, कराडहून लग्न होऊन आलेली, आणि घराबाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा बघणारी. पायरी उतरले तरी परत जाऊन तिसऱ्यांदा बघणारी. आमच्या घराची आणि मागाच्या शेडची भिंत एकच होती. पलीकडे आठ यंत्रमाग, म्हणजे वीज असेल तोवर खडखडाट. मागाजवळ हाक मारून उपयोग नसतो, म्हणून माग चालू असले की या घरात कुणी कुणाला हाकच मारायचं नाही. जवळ जाऊन दंडाला हात लावायचा, नाहीतर समोर येऊन खुणा करायच्या. पाची बोटं तोंडाशी नेली, की जेवायला चला. नवी नवरी होते तेव्हा सहा महिने मला वाटत होतं, ही माणसं माझ्यावर रागावलीत.

माझी लेक जुई तेव्हा बावीस महिन्यांची होती आणि तिनं एकही शब्द उच्चारला नव्हता. आई नाही, बाबा नाही, 'दे'सुद्धा नाही. हसायची, ओरडायची, या खोलीतून त्या खोलीत सुसाट पळायची. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, ते तिला धोटा म्हणायचे. मागात आडवं सूत घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळतो, तो धोटा.

"बोलंल गं," सासूबाई म्हणायच्या. त्यांना मी आत्या म्हणते. "अमर तीन वर्सांचा हुईस्तवर बोलला न्हाई. आता बग, गप बसतोय का?"

अमर म्हणजे माझा नवरा. तो खरोखरच गप बसत नाही.

आमच्या डॉक्टरांनीही अडीच वर्षांपर्यंत वाट बघू म्हणून सांगितलं होतं. त्यांनी विचारलं होतं, "ऐकू येतं ना हिला?" त्यावर माझ्या आधी मामाच बोलले होते, "ऐकू येतंय की! माग चालू झालं की लगेच मान वर करतीया." ते खरं होतं. मी स्वतः रोज बघत होते. वीज आली, पलीकडे माग लागले, की जुई हातातलं टाकून भिंतीकडे बघायची.

तरी माझं मन थाऱ्यावर नव्हतं. गल्लीत जुईपेक्षा दीड महिन्यानं लहान असलेली एक पोर "काऊ ये" म्हणायला लागली, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. चित्रं काढायला मी तेव्हाच लागले. सुताबरोबर येणाऱ्या पुठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर, काळ्या पेनानं, एका गोष्टीला चार चित्रं. गोष्टींचं नाव 'आमचा धोटा'. त्यातला विनोद एकच, पण हुकमी. सगळं घर जुईला बोलावतं आणि जुईला कुणाचीच पर्वा नाही. चौथ्या चित्राखाली ठरलेलं वाक्य: महाराणींना सवड नाही.

मावसबहिणीला ती फार आवडली. ती म्हणाली, फेसबुकवर टाक. पण तिथं आज टाकलेलं उद्या खाली जातं. मला स्वतःच्या साइटवर ओळीनं लावलेलं हवं होतं. पहिलं पान, दुसरं पान, आणि वर माझं नाव. जुईच्या बोलण्याचं मला काही करता येत नव्हतं. साइटचं येत होतं.

म्हणून जुई दुपारची झोपली की मी तासभर पद्मजाताईंच्या क्लासला पळायचे. झोपली की ती गाढ झोपायची, शेजारी आठ माग चालू असले तरी. आत्या म्हणायच्या, मागाशेजारची पोरं अशीच झोपतात.

त्या पहिल्या दिवशी मी चौकटीत लिहिलं: 'आजी जुईला शिरा खायला प्रेमाने बोलावते, पण जुई नेहमीप्रमाणे दुर्लक्ष करते.' मागच्या खोलीतल्या सपाट आवाजानं ते वाचलं. काकांना हसू आलं नाही.

"दुर्लक्ष करते म्हणजे काय करते?"

"लक्ष देत नाही."

"ते कळलं गं. चित्रात काय काढलंयस?"

"ती पाठमोरी बसलीय. बाबांच्या बुटात तुरीची डाळ भरतेय. आजी दारात वाटी घेऊन उभी आहे."

काका खुसखुसले. "बुटात डाळ? मग हे लिहायचं सोडून ते दुर्लक्ष कशाला लिहिलंस? मला पाठ दे, बूट दे, डाळ दे. दुर्लक्ष आहे की आणखी काही, ते माझं मी बघीन."

"दादा शिकवणी लावतोय बघ," ताई म्हणाल्या. "फी घेणार हं तो. चहाची."

मी परत लिहिलं. 'जुई जमिनीवर पाठमोरी बसली आहे. समोर बाबांचा बूट. मुठीतली डाळ बुटात सोडते आहे. मागे दारात आजी, हातात वाटी, तोंड उघडं, हाक मारते आहे. जुई वळत नाही.' आवाजानं वाचलं आणि काका इतके हसले की पेल्यातला चहा लेंग्यावर सांडला. माझ्या चित्रावर परकं माणूस पहिल्यांदा हसलं ते असं, चित्र न बघता.

पुढचे अकरा दिवस मी तेच केलं. साइट म्हणजे चित्रं चढवायची आणि झालं, असं मला वाटत होतं. पण एका ओळीत लावलेली चार चित्रं मोबाइलवर मुंगीएवढी दिसायला लागली. ताई म्हणाल्या, "एकेक चित्र मोठं करून चढव, खाली खाली लाव." मग तेवीस गोष्टींची ब्याण्णव चित्रं झाली आणि ब्याण्णव चौकटी. झेरॉक्सवाल्याकडून पुन्हा स्कॅन करून आणलं. त्यानं दोन पुठ्ठे उलटे स्कॅन केले होते, ते तिसऱ्या दिवशी काकांमुळेच कळलं. मी लिहिलं होतं 'उजवीकडे आजोबा' आणि ताई म्हणाल्या, "आजोबा डावीकडे आहेत गं, आणि डोक्यावर उभे आहेत."

काका प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचे. "आजोबांचा आवाज कसा आहे? मोठा? मग तोंड केवढं काढलंस? तसं लिही." किंवा "ही मांजर कुठून आली? मागच्या चित्रात नव्हती. असेल तर सांग, नसेल तर हाकल." लिहिता लिहिता माझी चित्रं सुधारायला लागली. काका ज्याच्याबद्दल विचारतील ते आधीच काढून ठेवायची सवय लागली.

बाराव्या दिवशी सगळं तयार झालं. साइटचं नाव घेऊन झालं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी उघडायची, असं ठरलं. ताईंनी पेढेसुद्धा आणून ठेवले होते. मी उठायला लागले तेव्हा काका म्हणाले, "हर्षदा, बस जरा. एक विचारायचंय. रागावशील."

"मी कशाला रागावू?"

"तेवीस गोष्टी ऐकल्या. काल रात्रभर त्याच डोक्यात होत्या. चौदा गोष्टींत कुणीतरी जुईला बोलावतं. पाठीमागून नाहीतर दुसऱ्या खोलीतून. आजी, आजोबा, दूधवाला, तू. चौदाही वेळा तू एकच वाक्य लिहिलंयस. जुई वळत नाही."

"तोच तर विनोद आहे, काका."

"हो, मी हसलो की. पण उरलेल्या नऊ गोष्टींत कुणी हाक मारत नाही. समोर येतं, नाहीतर हात लावतं. तिथं ती लगेच हात पसरते. एकदाही दुर्लक्ष करत नाही." ते थांबले. "मला एवढंच सांग. हे विनोदासाठी जुळवलंस, की बघून काढलंस?"

"बघून," मी म्हणाले. बोलून गेल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला.

"पण तिला ऐकू येतं," मी घाईघाईनं म्हणाले. "माग सुरू झाले की ती बघते. रोज. डॉक्टरांना सांगितलंय आम्ही."

"माग मलाही कळतात," काका म्हणाले. त्यांनी चपलेतून पाय काढून फरशीवर ठेवला. "तुमचे नाहीत, गल्लीच्या टोकाचे. इथं, टाचेत."

मला एकदम इतका राग आला की कानशिलं तापली. मी पर्स उचलली.

"तुम्हाला दिसत नाही म्हणून सगळ्यांच्यातच काहीतरी कमी शोधायचं का?"

ताईंच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. मला ते शब्द परत गिळता आले असते तर गिळले असते. पण मी दारात पोचले होते.

"पायरीवरची फरशी हलते गं," काका मागून म्हणाले. "बघून उतर."

घरी आले तेव्हा वीज गेलेली होती. शेडमध्ये शांतता, आणि मागावरची माणसं ओट्यावर विडी ओढत बसलेली. आत अमर जेवत होता. आत्या भाकरी थापत होत्या. जुई उठून जमिनीवर बसली होती, डब्याच्या झाकणांची उतरंड रचत. मला बघून तिनं हात पसरले. मी तिला उचलून कमरेवर घेतलं आणि भिंतीकडे पाठ करून उभी राहिले.

"ठेव की तिला खाली," अमर म्हणाला. "जेवंल माझ्यासंगं."

"थांब. वीज येऊ दे."

"का? विजेचा काय संबंध?"

"तू फक्त तिच्याकडं बघ."

"काय झालंय? ताईंच्यात काय बिनसलं काय?"

"अमर, बघ म्हणते ना."

पंधरा मिनिटं मी तशीच उभी होते. हात भरून आला तरी तिला खाली ठेवलं नाही. आत्या म्हणाल्या, "काय येड लागलं काय गं तुला?" मग पंखा फिरायला लागला. बाहेर कुणीतरी विडी टाकून उठलं. एक माग लागला, दुसरा लागला, आणि मिनिटभरात आठही. भांड्यांच्या फळीवरच्या वाट्या नेहमीसारख्या किणकिणल्या.

जुई माझ्या मंगळसूत्राची वाटी बोटानं फिरवत होती. तशीच फिरवत राहिली.

अमरनं घास ताटात ठेवला. तो उठून माझ्या पाठीमागून आला, तिच्या डोक्यामागं. "जुई," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "जुई!" मग छातीच्या तळापासून, मला ऐकवेना इतक्या मोठ्यानं, "जुई!" शेडच्या दारातून मामा धावत आले. आयुष्यभर मागावर काढलेला माणूस, त्यांनाही ते ऐकू गेलं होतं. "काय झालं? कोण पडलं?"

जुईनं मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली.

मी हळूच वाकले आणि तिला खाली उभं केलं. तिचे तळवे फरशीला लागले मात्र, तिनं मान वर केली आणि भिंतीकडे बघितलं. रोज बघायची तसंच.

तवा तापून धूर येत होता. आत्यांना भाकरीचं भानच नव्हतं. मामा तिथंच उंबऱ्यात बसले. "मीच सांगितलं डॉक्टरला," ते म्हणाले. "मीच म्हणालो, ऐकू येतंय."

"मामा, मीही तेच बघत होते," मी म्हणाले.

पाचव्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. जुईला औषध देऊन झोपवलं, डोक्याला तारा लावल्या, आणि एक बाई कागदावर येणाऱ्या रेघा बघत बसली. मी त्या बाईचं तोंड बघत बसले. तपासणाऱ्या डॉक्टर माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी काही लपवलं नाही. दोन्ही कानांना बोलणं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. पण थोडं शिल्लक होतं, आणि त्या शिल्लक ऐकण्यावर यंत्रं लावून, रोज शिकवून, बरंच काही करता येण्यासारखं होतं.

"उशीर झालाय का?" मी विचारलं.

"थोडा. पण माझ्याकडे चार-चार वर्षांची मुलं येतात हो. हट्टी आहे, लक्ष देत नाही, बापावर गेलाय, असं ऐकत ऐकत. मागाच्या गावांतून तर जास्तच. तुम्हाला कसं लक्षात आलं?"

अमर म्हणाला, "आमच्या गल्लीतले एक काका आहेत. त्यांनी ओळखलं."

"डॉक्टर आहेत का ते?"

"नाही. टेलिफोन ऑपरेटर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं नीट सांगायला लावलं.

त्यानंतर साडेतीन महिने मी क्लासची पायरी चढले नाही. सवड नव्हती हे खरं. यंत्रं आली, ती कानात ठेवायला जुई तयार होईना. काढून फेकायची. एक तर तिनं वरणात टाकलं होतं. मग रोज ठरावीक वेळ, दार-खिडक्या बंद करून, मी, ती आणि एक घंटी. हे सगळं खरं असलं तरी मी गेले नाही ते काकांना तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून. ताईंचा अधूनमधून मेसेज यायचा. 'साइट तशीच ठेवलीय.' 'दादा जुईचं विचारत होता.' मी लिहायचे, 'हो ताई, येते.' आणि जायचे नाही.

एका दुपारी मी पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढून चौदा गोष्टी बाजूला करत बसले होते. आत्यांनी विचारलं, "ह्ये काय चाललंय?"

"या काढून टाकणार. लेकराला ऐकू येत नव्हतं आणि आपण हसत होतो. कुणाला कशाला दाखवायच्या?"

आत्या शेजारी बसल्या. पहिल्यांदा साइटचं कानावर आलं तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, पोरीचं जगाला कशाला दाखवायचं, नजर लागंल. त्यांनी वरचा पुठ्ठा उचलून लांब धरून बघितला. शिऱ्याचाच होता.

"ही मीच हाय न्हवं?"

"हो."

"मी हाक मारतीया आन् ती वळंना. खोटं काडलंयस का ह्यात काय?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे. दुसऱ्या कुणा आज्जीच्या घरात आसंच चाललं आसंल तर ती बगंल." पुठ्ठा ठेवून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझं नाक तेवडं बारीक कर. एवडं न्हाई माझं."

साइट त्याच आठवड्यात उघडली. सगळ्या तेवीस गोष्टी घेऊन, आणि शेवटी एक चोविसावी. तिच्यात विनोद नाही. मिरजेच्या त्या खोलीत तारा लावलेली झोपलेली जुई आहे, चारही चित्रांत. आज तिथं दोनशेवर गोष्टी झाल्यात, आणि पत्रंही येतात. त्यातली काही मागाच्या गावांतल्या आयांची असतात. ती मी आधी त्या डॉक्टरांना पाठवते आणि मग रडते. पण मला लिहायचं होतं ते साइट उघडायच्या आधीच्या दहा मिनिटांबद्दल.

मी जुईला घेऊन गेले होते. क्लास रिकामा होता. ताईंनी तिला एका मोडक्या कीबोर्डची बटणं वाटीत घालून दिली आणि ती दाराकडं तोंड करून जमिनीवर बसली. दोन्ही कानांमागं यंत्रं. काका मागच्या खोलीतून भिंतीला हात लावत आले आणि खुर्चीत बसले.

"काका," मी म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोलले—"

"ते राहू दे."

"नाही, राहू कसं देऊ? मी तुम्हाला जे म्हणाले ना—"

"हर्षदा, एकतीस वर्षं मी टेलिफोनवर शिव्या खाल्ल्यात. लाइन तुटली की ऑपरेटरला शिव्या. तुझी शिवी त्यातली बरी होती." ते जरा पुढं झुकले. "पोर आलीय ना? बटणांचा आवाज येतोय. कुठं आहे?"

"तुमच्यासमोर, सहा-सात हातांवर. दाराकडं तोंड करून बसलीय."

"म्हणजे माझ्याकडं पाठ."

"हो."

"पद्मा, पंखा बंद कर गं जरा."

ताईंनी पंखा बंद केला. आम्ही पाती थांबायची वाट बघितली. मला नको वाटत होतं. घरी बंद खोलीत ती घंटीला वळायला लागली होती, माझ्या हाकेला दहातून चारदा. पण हे परकं घर होतं, परका आवाज होता. मी काकांना सांगणार होते, की आज नको, अजून थोडे दिवस जाऊ देत.

काकांनी आवाज अजिबात चढवला नाही. आयुष्यभर अनोळखी माणसांशी बोलताना लावला असेल तसा, स्वच्छ आणि बेतानं लावला.

"जुई."

मग खोलीत नुसती शांतता. ताईंनी तोंडावर पदर दाबून धरला होता. काका मान जराशी तिरपी करून वाट बघत राहिले, आणि वाट बघता बघता त्यांचा चेहरा उतरायला लागला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "अगं, सांग की कुणीतरी. मला कसं कळणार?"

"पाठमोरी बसली होती," मी म्हणाले. "हातात एक बटण. तुम्ही हाक मारलीत तेव्हा हात थांबला. बटण हातातच आहे अजून. आधी मान हलली, मग खांदा. मग सगळीच वळली, ढुंगणावर सरकत. आधी ताईंकडं बघितलं. मग माझ्याकडं. कुणी बोलावलं ते शोधत होती."

"मग?"

"आता तुमच्याकडं बघतेय, काका."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"आणखी एकदा हाक मारू?" त्यांनी विचारलं.